नदीवरचा बाण

मला रस्ता चुकलेला आठवत नाही. ही बढाई नाही. बढाई मारायची तर माझ्याकडे याहून बरी कारणं आहेत. एकदा गेलेल्या वाटेनं मी गप्पा मारत परत येते, आणि कोणी पत्ता विचारला तर त्याला वळणांसकट सांगते, त्याला घाई असली तरी. म्हणूनच आयुष्यात ज्या एका प्रवासात मी दोन माणसांना पार उलट्या दिशेला नेलं, त्याचं मला अजून हसू येतं आणि थोडा रागही येतो. राग स्वतःचा नाही, नदीचा.

नव्वदीची सुरुवात होती. मी आणि माझा मोठा भाऊ जळगावात मेहरूणला खोली घेऊन शिकत होतो. गाव धरणगावच्या पुढं, कपाशीचं. भाऊ बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला, मी बीएच्या पहिल्या. खोली वरच्या मजल्यावर होती आणि खाली घरमालकीण अक्का. आमच्या जिन्यावर किती चपला आहेत यावर त्यांचं बारीक लक्ष असे.

तो खेळ आणला भाऊच्या वर्गातल्या एका मुलानं. त्याचे वडील पाटबंधारे खात्यात, सांगलीकडून बदलून आलेले. पुण्याच्या आतेभावाकडून त्यानं इंग्रजी नियमांच्या झेरॉक्स आणल्या होत्या, पुसट, कडेची अक्षरं कापली गेलेल्या. या खेळाला पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या. एकानं मनात एक जग रचायचं, त्यात डोंगर, नद्या, राक्षस, चोर, गावं काय हवं ते ठेवायचं. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि त्या जगात हिंडायचं. तो म्हणणार, "तुम्ही जंगलाच्या कडेला उभे आहात, आतून धूर येतोय. काय करता?" आपण सांगायचं काय करतो ते. जग रचणाऱ्याला आम्ही सूत्रधार म्हणू लागलो.

केलेलं जमलं की फसलं हे नशिबावर. नियमात वीस बाजूंचा फासा लिहिला होता, तो जळगावात कुठून मिळणार! आम्ही वीस चिंचोके घासून पांढरे केले, त्यांवर एक ते वीस आकडे घातले आणि भाऊच्या जुन्या पायमोज्यात भरले. मोजा धुतलेला होता, हे मी त्या वेळीही सगळ्यांना सांगत असे.

खेळ सुरू करताना प्रत्येकाला आपल्या पात्रासाठी ठरावीक गुण वाटून घ्यायचे होते. ताकद, तलवार, चोरपावलं, औषधं, असं बरंच काही होतं, आणि त्या यादीत खाली एका ओळीत 'नकाशे काढणे' होतं. तुमच्या कौशल्याइतका किंवा त्याहून लहान आकडा निघाला तर जमलं, मोठा निघाला तर फसलं. चौथा गडी धुळ्याचा, हॉस्टेलवर राहणारा. त्यानं सगळे गुण तलवारीत घातले. मी नकाशात सतरा घातले. तलवारीला माझ्याकडे जवळजवळ काही उरलंच नाही.

"राक्षस आला की काय करशील?" धुळेकरानं विचारलं. "नकाशा दाखवशील?"

"हो. त्याला घरी जायचा रस्ता दाखवीन."

पुढच्या दोन-तीन रविवारांत त्याला माझी किंमत कळली. सूत्रधार तोंडानं सांगणार, "डावीकडे खिंड, पुढे दोन कोसांवर ओढा, ओढ्यापलीकडे पडका बुरूज," आणि ते ऐकून मी आलेखाच्या कागदावर उतरवणार. एक चौकोन म्हणजे एक कोस. नकाशा नसला की ही दोन शूर मंडळी त्याच खिंडीत पुन्हा जाऊन त्याच चोरांकडून मार खात. नकाशा असला की मी म्हणायची, या अंगानं जा, इथं पाणी आहे, इथं रात्र काढा. तलवारवाला निमूट ऐकायचा. मुलींनी सांगितलेलं ऐकायची धुळ्याकडच्या मुलांना फारशी सवय नव्हती. ती मी लावली.

सूत्रधाराशी माझा एकच तंटा होता. नकाशासाठीचा चिंचोका तो स्वतः काढे, आम्हाला न दाखवता, टॉवेलाखाली. आकडा मोठा निघाला की तो मला मुद्दाम चुकीचं सांगणार, उजवीकडचं डावीकडे. मी कितीही सुबक काढलं तरी ते चूकच.

"हे कसलं?" मी म्हटलं. "हात माझा, पेन्सिल माझी, आणि चुकायचं चिंचोक्यानं?"

"तू काढत नाहीस. तुझं पात्र काढतंय."

"मग पात्राला सांग पेन्सिलीला टोक करायला."

तो हसला, पण नियम सोडला नाही. मी मनातून खूश होते. वीसपैकी सतरा म्हणजे चुकायला जागा कितीशी? आणि शाळेपासून आतापर्यंत मला कशातच कोणी सतरा दिले नव्हते. हे मीच घेतले होते आणि ते मला शोभत होते.

भाऊचं पात्र मात्र वेगळंच होतं. त्यानं तलवार घेतली नाही, जादू घेतली नाही. चालण्याचं बळ घेतलं, थोडं पोहणं, थोडी औषधं. सूत्रधारानं विचारलं, "तुझ्या पात्राला हवंय काय? खजिना? राज्य?"

"मले समुद्र देखाना शे," भाऊ म्हणाला. कॉलेजात तो शुद्ध बोले, पण आमच्यात बसला की घरचीच भाषा.

"बस?"

"बस."

धुळेकर म्हणाला, मुंबईची गाडी रोज जाते, एका रात्रीत समुद्र. भाऊ नुसता हसला. त्याचं हसणं मला समजलं. खऱ्या समुद्राला जायला निमित्त लागतं. कोणाचं लग्न लागतं, नाहीतर मोठ्या दवाखान्यातलं दुखणं लागतं. उगाच जाऊन समुद्र बघून आलेला एकही माणूस आमच्या गावात नव्हता. खेळात उगाच जाता येत होतं.

आणि त्याच्याकडे वेळ थोडा होता. आबांना, आमच्या वडिलांना, डोळ्यांनी कमी दिसू लागलं होतं. पाटाचं पाणी सोडताना ते दोनदा पडले होते. हिवाळ्यात घरी बोलणं झालं आणि ठरलं की आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, वावर भाऊनं बघायचं. आमच्याकडे शेतीचं वर्ष आखाजीला बदलतं. सालदार नवे ठरतात, जुने हिशेब मिटतात, लेकी माहेरी येऊन झोके घेतात. भाऊनं बीकॉम अर्धवट सोडायचं हे त्यात आपोआप आलं. तो त्यावर कधी कुरकुरला नाही. मला मात्र वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की मी चिडते, तेव्हा त्या हिवाळ्यात मी घरादारावर बरीच चिडले. मग ठरवलं, बाकी काही आपल्या हातात नाही, पण आखाजीच्या आत याला समुद्र दाखवायचा.

आमच्या चालण्याला नेम आला. दर रविवारी दुपारी, जेवणं झाली की, खिडकीला ओलं पोतं बांधून आम्ही बसायचो. धुळेकर शेंगा आणायचा. अक्का एकदा वर डोकावल्या, कागदावरचे डोंगर बघून म्हणाल्या, "भूगोल का?" मी म्हटलं, हो. खोटं नव्हतं ते.

समुद्र कुठं आहे हे सूत्रधार सांगेना. शोधा म्हणे. शोधायचं काय त्यात? एक मोठी नदी आम्हाला माघातच लागली होती. नदी समुद्राला मिळते, म्हणजे नदीच्या काठानं जायचं. मी निळ्या पेन्सिलीनं नदी काढली, तिच्यावर मावळतीकडे तोंड करून एक ठसठशीत बाण काढला आणि म्हटलं, "चला." कोणी विचारलं नाही की बाण तिकडेच का. मलाही ते मनात आलं नाही. नदी मावळतीलाच जाते. गिरणा घ्या, पांझरा घ्या, त्या आधी कुठंही भटकोत, शेवटी तापीला मिळतात, आणि तापी मावळतीला जाते. लहानपणापासून आम्ही दुसरं काही पाहिलंच नव्हतं.

आम्ही चाललो. पूर्ण फाल्गुन चाललो. मी एकेक उथळ जागा, एकेक डोह, पाण्यातला एकेक खडक मांडत गेले. कागदाला कागद चिकटवत नकाशा पलंगाएवढा झाला. धुळेकरानं वाटेत अनेक जणांना मारलं. भाऊ दर रविवारी एकच विचारायचा, "वारं खारं लागस का?" सूत्रधार मान हलवायचा, नाही.

पुढं पुढं नदी अरुंद होऊ लागली. मी म्हटलं, उन्हाळा आहे, पात्र आटतंय. आमच्याकडे चैत्रात नदीत पोरं क्रिकेट खेळतात, त्यामुळे ते कोणाला वावगं वाटलं नाही. मग डोंगर जवळ येऊ लागले. मी म्हटलं, तापीसुद्धा गुजरातेत उतरण्याआधी डोंगरांतून जाते, हे ओलांडलं की सपाटी आणि मग समुद्र. इतकं व्यवस्थित पटवून मी आजवर दुसरं काही कोणाला दिलेलं नाही. सूत्रधार माझ्याकडे चमत्कारिक नजरेनं बघायचा, पण मला वाटायचं, हुशारी बघून बघतोय.

आखाजी आठवड्यावर आली. भाऊनं पुस्तकं बांधून ठेवली होती. रविवारी त्याला दुपारच्या शेवटच्या एसटीनं जायचं होतं. म्हणून त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारीही आम्ही बसलो. धुळेकर म्हणाला, आज समुद्र लागलाच पाहिजे. सूत्रधारानं घसा साफ केला.

"दरी संपते. समोर काळा कडा आहे. कड्याच्या पायथ्याशी एक भेग, आणि त्या भेगेतून बारीक धार पडतेय. नदी इथं उगम पावते."

मी पेन्सिल खाली ठेवली.

"उगम कशी पावते?" मी म्हटलं. "संपते म्हण."

"संपत नाही. निघते. तुम्ही इतके दिवस वर चाललात."

मग मी जे बोलले ते अक्कांना खाली ऐकू गेलं. मी म्हटलं, माझे सतरा गुण कुठं गेले? टॉवेलाखाली काय चाललं होतं? त्यानं शपथ घेतली की या नदीवर एकदाही मोठा चिंचोका निघाला नव्हता. जे सांगितलं ते सगळं खरं सांगितलं होतं. "पाणी कुठल्या बाजूला जातं ते तू विचारलंच नाहीस. तू बाण काढलास."

"विचारायचं काय त्यात? नदी मावळतीला जाते!"

"आमची कृष्णा उगवतीला जाते."

"मग ती चुकते!"

धुळेकरानं शेंगेचं टरफल फेकून माझी बाजू घेतली. तो म्हणाला, खान्देशात राहून कृष्णेच्या हिशेबानं नदी काढायची ही फसवणूक आहे. सूत्रधाराचा चेहरा पडला. तो वाईट मुलगा नव्हता. त्यालाही आखाजी ठाऊक होती, आणि बाण पाहिल्यापासून तो पेचात पडला होता. सांगावं तर नियम मोडतो, न सांगावं तर भाऊचे रविवार जातात. त्यानं आपला कागद पुढं ओढला. "ठीक आहे. बदलतो मी. कड्यापलीकडे समुद्र. माझंच जग आहे."

मी हो म्हणणार होते. माझ्या तोंडात आलं होतं.

"नको," भाऊ म्हणाला. "नदी चुकनी नही, आपन चुकनूत. इतलं चालनूत, ते खोटं करू नका."

त्यानं हे इतक्या साधेपणानं म्हटलं की माझा राग बसला आणि त्याच्या जागी भीती आली. भाऊचा समुद्र माझ्या बाणानं दोन महिने मागं पडला होता आणि हातात एक दुपार उरली होती. मी नकाशा पलंगावर पसरला. बराच वेळ बघत राहिले. आणि मग मला दिसलं की बाण सोडला तर त्यात एक रेघ चुकीची नाही. कुठं खडक, कुठं डोह, कुठं धार, कुठल्या वळणावर चोर, सगळं जिथल्या तिथं. वर चढताना पायी गेलो होतो. खाली उतरायला पाणी आपल्या बाजूचं होतं.

"नियमात बघ," मी सूत्रधाराला म्हटलं. "नकाशा काढलेल्या मुलखातून जाताना पुन्हा चिंचोके काढायला लागतात का?"

त्यानं झेरॉक्स चाळल्या. कापलेल्या कडेशी नाक नेऊन वाचलं. "नाही. नकाशा बरोबर असेल तर नाही."

"बरोबर आहे. सतरा आहेत माझे. तराफा बांधा."

रविवारी सकाळी आठलाच बसलो. दोन महिन्यांची वाट मी एका सकाळीत उतरवली. मी नकाशावर बोट ठेवून सांगत होते, "इथं डाव्या काठाला राहा, पाण्याखाली खडक आहे. इथं थांबू नका, चोर आहेत. हा डोह खोल आहे, वल्ही उचला," आणि सूत्रधार आपल्या कागदाशी ताडून नुसतं "बरोबर" म्हणत होता. त्याचं प्रत्येक "बरोबर" मला अजून ऐकू येतं. धुळेकराला तलवार काढायची एकदाही वेळ आली नाही, आणि त्याबद्दल तो चक्क कुरकुरला नाही. दुपारी बाराच्या सुमारास आम्ही त्या जागी आलो जिथं नदी पहिल्यांदा भेटली होती. तिथून पुढं, उगवतीला, कोरा कागद. पुन्हा चिंचोके, पुन्हा टॉवेल. मी आता प्रत्येक वळणाला विचारत होते, पाणी कुठं जातं. सूत्रधार म्हणाला, "अगं पुरे, कळलं."

भाऊनं भाकरी हातात घेऊनच खेळ चालू ठेवला. नदी रुंद झाली. झाडं बुटकी झाली. वाळू लागली.

"वारं?" भाऊनं विचारलं.

"खारं," सूत्रधार म्हणाला.

भाऊनं भाकरी खाली ठेवली. एक वाळूची टेकडी चढायची राहिली होती. मोज्यात हात घालून त्यानं स्वतः चिंचोका काढला, चालण्याच्या बळापुढं तो लहानच निघाला, आणि तो वर पोचला.

"समोर पाणी आहे," सूत्रधार म्हणाला, आणि थांबला. "खूप पाणी." पुन्हा थांबला. तेव्हा आमच्या लक्षात आलं की त्यानंही समुद्र पाहिलेला नाही. चौघांपैकी कोणीच नाही. त्याचे कान लाल झाले. "पलीकडचा काठ दिसत नाही. दिवस मावळतोय. तुमच्या पाठीमागं."

भाऊनं नकाशा स्वतःकडे वळवला. उगवतीच्या कडेला मी निळी पेन्सिल फिरवत होते, ती बघत राहिला.

"मंग सकायले दिन पानीमाईन निंघी?" त्यानं विचारलं. सकाळी सूर्य पाण्यातूनच निघेल ना, असं.

सूत्रधारानं क्षणभर विचार केला. "हो. पाण्यातूनच."

नदी मावळतीला गेली असती तर त्याला समुद्रावर नुसता सूर्यास्त मिळाला असता. भाऊनं घड्याळ पाहिलं. एसटीला अर्धा तास होता आणि स्टँड लांब. खेळातली सकाळ करायची म्हणजे रात्र काढायला लागणार, रात्रीचे पहारे, त्यांचे चिंचोके.

"मी आठेच थांबस," तो म्हणाला. "सकाय व्हयेपावत." इथंच, सकाळ होईपर्यंत. आणि उठून त्यानं पुस्तकांचं गाठोडं खांद्यावर टाकलं. धुळेकरानं पेटी घेतली, सूत्रधारानं वळकटी. मी मोकळ्या हातांनी बरोबर चालले, कारण मला काही उचलायला दिलं असतं तर मी रडले असते. स्टँडवर मी तरीही रडलेच. भाऊ म्हणाला, उन्हात उभी राहू नको.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं बसलो. सूत्रधारानं आठवडाभर तयारी केली होती; रत्नागिरीकडच्या एका बाईंना, आईच्या मैत्रिणीला, त्यानं समुद्राबद्दल विचारून विचारून भंडावलं होतं, आणि तिकडं पाण्यात बुडणारा सूर्य आपल्या मनानं उगवता केला होता. आणि त्यानं ती सकाळ अशी सांगितली की धुळेकराच्या हातातली शेंग हातातच राहिली. लाटांचा आवाज आधी, मग करडा उजेड, मग पाण्याला फुटणारा रंग. मी एकेक शब्द मनात साठवला. परीक्षा झाली की घरी जायचं आणि हे सगळं भाऊला जसंच्या तसं सांगायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मे महिन्यात मी घरी गेले. भाऊ वावरात होता. सऱ्या ओल्या केलेल्या होत्या आणि तो वाकून दोन-दोन बिया मातीत टोबत पुढं चालला होता, एक ओळ संपली की दुसरी. चेहरा काळवंडला होता, हात आबांसारखे दिसू लागले होते. तिथली सकाळ सांगायला मी बांधावरूनच ओरडले, "भाऊ, तठे सकाय व्हयनी! आइक, दिन कसा निंघना ते..."

तो सरळ उभा राहिला. हाताची माती पुसली.

"सांगू नको," तो म्हणाला. "मी आजून तठेच बठेल शे."

आणि वाकून पुढच्या दोन बिया टोबल्या.